तीनशेचा, पण चढवलेला

ऊन परत त्या टोकाला आलं आहे. दुपारी बेलापूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, कडुनिंबाचा मोहोर झडून पायरीवर पिवळट भुगा साचतो, आणि वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येतो. संघटनेच्या खोलीतला कॉम्प्युटर अशा दिवसांत घरघरायला लागतो. आतला छोटा पंखा जीव खाऊन फिरतो, खोक्याच्या मागच्या जाळीतून हवा येते, आणि मी त्या जाळीपुढे हात धरून बसतो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. चटका बसावा असं वाटतं. बसत नाही. नुसती कोमट हवा.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पहिल्या ओळीत आरोप, मधे पुरावा, शेवटी उद्गारचिन्ह, एवढंच माझं व्याकरण. पाटाच्या पाण्याच्या पाळीवर लिहिलं, रेशनवर लिहिलं, दवाखान्यात डॉक्टर सापडत नाही त्यावर लिहिलं. लिहिताना कानशिलं तापली नाहीत तर ओळ बाद. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाचा तो एक उन्हाळा लिहायला घेतला की आरोप तयार असतो, पुरावाही असतो, आणि कानशिलं थंडच. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं. चावून पाहिलं तरी कळत नाही.

तर मार्था साळवे. आमच्या वस्तीच्या पुढे चर्चचं आवार, आणि आवाराला लागून तिचं घर. वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला मार्थाताई म्हणायचो. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही. “काय रे पत्रक,” म्हणायची. नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम केलं, आणि त्या वर्षी थंडी सरताना एक बॅग आणि डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं यंत्र घेऊन परत आली. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि दारावर स्वतः रंगवलेली पाटी लावली. गावात कॉम्प्युटरचं दुकान, आणि तेही बाईचं. लोक आत न येता नुसते दारातून वाकून जायचे.

“पुण्यात मी मागच्या खोलीत बसायचे,” ती सांगायची. “मशीन मी जोडायचे, आणि पुढे काउंटरवर एक मिशीवाला उभा राहून म्हणायचा, मी जोडलंय. लोकांना बाईच्या हातचं जेवण चालतं, बाईच्या हातचं मशीन चालत नाही.”

गुरुजींशी तिचं बोलणं झालं होतं. हा उन्हाळा तिचा. शाळा उघडायच्या आत दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर राहिलं, नाही तर पुन्हा नोकरी, दुसऱ्याच्या पाटीखाली. गुरुजी आवाज चढवून बोलणारे नव्हते. फक्त रोज संध्याकाळी दारातली धूळ झाडताना विचारायचे, “आज कुणी आलं होतं?”

त्या खोलीतल्या दुपारी मला वासानं आठवतात. डाग देताना राळेचा गोडसर धूर निघायचा. खिडकीला वाळ्याचा ओला तट्ट्या लावलेला, त्याचा गवती वास. लाइट गेली की पंखा हळूहळू मंद होत थांबायचा, आणि मग चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली खेळणाऱ्या पोरांचा आवाज एकदम जवळ यायचा. मी पत्रकांचे गठ्ठे तिथंच ठेवायचो. सावली होती आणि चहा मिळायचा, दुसरं कारण नाही.

एका दुपारी तिनं दोन प्रोसेसर टेबलावर ठेवले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, एवढं मला ठाऊक होतं. एक काळ्या प्लास्टिकच्या डबीत बंद, रुबाबदार. दुसरा उघडाच, हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिप.

“हा महागातला. आणि हा सेलेरॉन, स्वस्तातला.”

“स्वस्तातल्याला अंगावर कपडेसुद्धा दिले नाहीत,” मी म्हणालो.

“बरंय की. वारा लागतो.” तिनं हिरवी पट्टी उचलली. “फरक सांगते, ऐक. महागातल्यात कॅश जास्त असते.”

आतून गुरुजी ओरडले, “महागातलं घेणाऱ्याकडे असतेच!”

“ती कॅश नाही हो, पप्पा!” ती हसली आणि मला म्हणाली, “पोळ्या लाटताना पिठाचा डबा शेजारी घेऊन बसतो ना, ती कॅश. लागेल ते हाताशी ठेवायची जागा. महागातल्याचा डबा मोठा, पण जरा लांब ठेवलेला. ह्याचा डबा लहान, पण अगदी मांडीला लागून. ह्याच्या आधीचा जो स्वस्तातला होता त्याला डबाच नव्हता, दर पोळीला उठून कोठीत जायचं. तो कुणी घेऊ नये. हा मात्र चलाख आहे.”

“मग आकडा? तीनशे, साडेचारशे म्हणतात तो?”

तिनं बोटांनी टेबलावर ताल धरला. “ही हलगी. प्रोसेसर ज्याच्यावर बसतो तो बोर्ड ती वाजवतो. हलगीच्या दर ठोक्याला प्रोसेसर साडेचार पावलं टाकतो. ते साडेचार कारखान्यातच कुलूप लावून पक्के केलेत, तुला मला बदलता येत नाहीत. पण हलगी आपल्या हातात आहे. ह्याला सहासष्टच्या ठोक्यावर नाचवतात, म्हणून हा तीनशेचा. हलगी शंभरवर नेली की हाच साडेचारशे.”

“आणि महागातला?”

“त्याला आधीच शंभरवर नाचवतात. त्याच्यात वर जायला जागा फार उरत नाही. उडी आहे ती ह्या उघड्याबोडक्यात.”

मग तिनं लाल नेलपॉलिशची बाटली काढली. तिच्या स्वतःच्या नखांना मी कधी रंग पाहिला नाही. हिरव्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग होती. त्यातल्या एका दातावर तिनं बारीक थेंब लावला आणि हळूच फुंकर घातली. तो दात झाकला गेला की बोर्डाची समजूत होते, आला तो शंभरवाला आहे, आणि हलगी आपोआप जोरात वाजायला लागते. एवढंच. इंग्रजीत ह्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मार्थाताईनं तिचा मराठी शब्द केला होता: चढवलेला.

माझी कानशिलं तेव्हा तापली. ते आठवतं, म्हणजे आठवतं एवढंच. मी म्हणालो, “म्हणजे दोन्ही एकाच भट्टीतले, आणि कपाळावर आकडा कोणता मारायचा ते बाजार ठरवणार?”

“बरेचदा. तपासतात, आणि ज्या आकड्याला मागणी तो छापतात. पण प्रत्येक जण उडी मारतो असं नाही हं. काही तोंडावर पडतात. मी दिवसभर चालवून बघते, मगच देते.”

“ताई, हे आपलंच झालं की.”

“आपलं काय झालं?”

“तुमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, कशासाठी? कपाळावरचा आकडा पुसायलाच ना?”

तिनं पुन्हा फुंकर घातली. “पत्रक, चिपला अपमान कळत नाही. ती फक्त तापते, आणि तापली की थांबते. माणूस तापला तरी थांबत नाही. एवढा फरक तुझ्या भाषणात घालत जा.”

तिचा एक नियम होता. खोक्यात जे आहे ते खोक्यावर. प्रत्येक मशीनवर ती स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवायची: मूळ तीनशे. चढवून साडेचारशे. उन्हात अडल्यास उतरवून मिळेल. मी म्हणालो, एवढं कोण लिहितं? ती म्हणाली, मिशीवाला लिहायचा नाही, म्हणून मी लिहिते.

आता बाजारात ते आकडे राहिलेले नाहीत. साडेचारशे म्हटलं तर नवी पोरं हसतील. त्या वेळी मात्र साडेचारशे हा शब्द लोक तालुक्याच्या गावी जाऊन आल्यासारखा उच्चारायचे. कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस तो चालू करायला सांगायचा, काळ्या पडद्यावर पहिल्यांदा आकडा उमटायचा, तो मोठ्यानं वाचायचा, आणि त्याचं समाधान व्हायचं. आतलं कुणी उघडून पाहत नव्हतं.

श्रीरामपूरला एक मोठं दुकान होतं. काचेचं दार, आत एसी, गणपतीसमोर लाल दिवा. त्या दुकानातून घेतलेलं एका क्लार्कचं मशीन दुरुस्तीला मार्थाताईकडे आलं. वर चमचमणारं स्टिकर, ओरिजिनल साडेचारशे. तिनं झाकण उघडलं, तर आत तीच हिरवी पट्टी आणि दातावर चिकटपट्टीचा तुकडा. तीनशेचा, चढवलेला, आणि कुणाला न सांगता.

आम्ही दोघं श्रीरामपूरला गेलो. शेठ गोड माणूस. थंड पाणी दिलं, एसीसमोर बसवलं.

“ताई, पडद्यावर साडेचारशे येतं का नाही?”

“येतं.”

“मग खोटं काय आहे त्यात?”

“मूळ किती ते तुम्ही सांगत नाही.”

“लग्नाच्या मुलाचा पगार कुणी मूळ सांगतं का? सगळे चढवूनच सांगतात.” शेठ स्वतःच हसले. “तुम्ही शिकलेल्या आहात. माझ्याकडे या कामाला.”

मार्थाताई उठली. मी येताना एसटीतच पत्रक लिहिलं, गुडघ्यावर. गुलाबी कागदावर छापलं. ‘चढवलेल्या मशीनपासून सावध!’ हे ठळक. खाली, ‘गिऱ्हाइकाला न सांगता तीनशेचा प्रोसेसर चढवून साडेचारशे म्हणून विकणाऱ्यांना जाब विचारा!’ मार्थाताईनं वाचून बघितलं. “न सांगता, हे राहू दे,” म्हणाली. राहू दिलं. ते शब्द त्या पत्रकात आहेत, आजही काढून दाखवतो. त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही. पण लोक ठळक तेवढं वाचतात, आणि खालचं वाचणाऱ्याला वरचं आधी भेटलेलं असतं.

बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली. कलिंगडाच्या ढिगापाशी, सलूनमध्ये, स्टँडवर. ऊन असं की गुलाबी कागदाकडे पाहून डोळे मिटायचे. उन्हं उतरेपर्यंत सलूनमधून शब्द परत आला.

“कॉम्प्युटर चढवलेला हाय म्हनं!”

“देशी का इंग्लिश?”

“कॉम्प्युटर हाय राव, इंग्लिशच पेनार!”

मीही हसलो. चांगला विनोद होता.

आठवडाभरात शेठच्या काचेच्या दारावर नवा बोर्ड लागला. ‘आमच्याकडे चढवलेले मशीन मिळणार नाही. फक्त ओरिजिनल.’ आत मशीन तीच. अख्ख्या पंचक्रोशीत ‘चढवलेलं’ असं ज्याच्यावर लिहिलेलं होतं असं एकच दुकान होतं, मार्थाताईचं, तिच्याच अक्षरात. दारातून वाकून पाहणारे आता वाकून हसायला लागले. पोरं आवारातून ओरडायची, “ताई, मशीनला शेव-फुटाणं द्या!” ती आतून म्हणायची, “खारे शेंगदाणे चालतील का विचार तुझ्या बापाला.” उत्तर द्यायची, पण कागद काढला नाही. मी सांगितलं, काढा, नुसतं साडेचारशे लिहा. ती म्हणाली, “मग तुझ्या पत्रकात माझंही नाव घालावं लागेल.”

शेवटी सगळं येऊन ठरलं ते दूध सोसायटीवर; सोसायटीला पावत्या काढायला कॉम्प्युटर घ्यायचा होता. सोसायटीच्या दारात अख्खं गाव सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन उभं राहतं. तिथं मार्थाताईचं मशीन बसलं असतं तर दुसऱ्या जाहिरातीची गरज नव्हती. सेक्रेटरी वाबळेअण्णांनी तिला फाल्गुनातच शब्द दिलेला. आता ते म्हणाले, संचालकांसमोर एकदा चालवून दाखवा. संचालक मोकळे असतात दुपारी, म्हणून वेळ दुपारची.

सोसायटीची खोली पत्र्याची. आत पाऊल टाकलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं. सांडलेल्या दुधाचा आंबट वास, माश्या, भिंतीला टेकून बसलेले संचालक, हातात टोप्या घेऊन वारा घालत होते. मार्थाताईनं मशीन चालू केलं. पडद्यावर आकडा आला. अण्णांच्या नावानं तिनं लिटर भरले, फॅट भरली, पावती निघाली. लोक पुढे सरकले. एक म्हातारे संचालक पावतीचा वास घेऊन म्हणाले, “छापतंय की बेस.” मार्थाताईचा चेहरा मला अजून दिसतो. घामानं चमकत होता, आणि ती पहिल्यांदा त्या खोलीत मान वर करून उभी होती.

दुसऱ्या पावतीला पडदा गोठला. बोट आपटलं, काही हललं नाही.

“अडलं,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पत्रा फार तापलाय. उतरवून देते.” झाकण काढलं, पट्टी काढली, कापसानं त्या दातावरचा लाल ठिपका पुसला, परत बसवली. पडद्यावर तीनशे आलं, आणि मशीन चालायला लागलं ते बंद पडेना. पावतीमागून पावती.

“उतरली म्हनायची!” मागून कुणीतरी म्हणालं. पत्रा हलेल असं हसू फुटलं. मार्थाताईही हसली. पुरतं नाही.

अण्णा तिला बाहेर बाभळीखाली घेऊन आले. वाईट माणूस नव्हे. टोपी काढून कपाळ पुसलं.

“ताई, मशीन बेस हाय. तुमी खरं बोलताय ह्ये बी दिसतंय. पर उद्या गाव म्हनंल, सोसायटीनं पेलेलं मशीन आनलं. सभासदास्नी मी काय सांगू?”

मी मधे पडलो. “सांगा, शेठचंही चढवलेलंच आहे! उघडून दाखवतो!”

“असंल बी,” अण्णा शांतपणे म्हणाले. “पर त्यांच्यावर तसं लिवलेलं न्हाई ना.”

सोसायटीनं शेठचं मशीन घेतलं. आत तीच हिरवी पट्टी असणार. मी त्याच्या अडण्याची वाट पाहत राहिलो. रोज जाऊन विचारायचो, अडलं का? एकदाही अडलं नाही. दूध येतं पहाटे आणि दिवस मावळताना, तेव्हा पत्रा गार असतो. दुपारी मशीन बंद. मार्थाताईला दुपार मिळाली होती, शेठला सकाळ. ह्यात अन्याय आहे हे मला कळतं, पण कुणावर बोट ठेवायचं ते कळत नाही. उन्हाविरुद्ध मोर्चा निघत नाही. बहुधा तिथंच कुठंतरी माझा गाल बधिर झाला. त्याच महिन्यात मी आणखी पत्रकं लिहिली, ती चांगली उतरली, लोकांनी वाहवा केली. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

पुस्तकांना कव्हरं घालायचे दिवस आले. आभाळ भरून यायचं आणि न पडता निघून जायचं. मार्थाताईनं दारावरची पाटी उतरवली. गुरुजींनी ती धुतली, पुसली आणि पलंगाखाली सरकवली. त्या संध्याकाळी त्यांनी धूळ झाडली, पण आज कुणी आलं होतं का, ते विचारलं नाही.

मग शेठ स्वतः स्कूटरवरून आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. मागच्या खोलीत नाही, पुढे काउंटरवर बसायचं, म्हणाले. मार्थाताईनं दोन अटी घातल्या. दारावरचा तो बोर्ड निघाला पाहिजे. आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर मी खरं तेच सांगणार.

“सांगा की,” शेठ म्हणाले.

बोर्ड निघाला. मी शाळा सुरू झाल्यावर एकदा त्या दुकानात गेलो, भांडायच्या तयारीनं. गर्दी होती. मार्थाताई काउंटरमागे, इस्त्रीच्या साडीत, केस नीट बांधलेले. मला पाहून तिनं मानेनं बाकाकडे खूण केली, म्हणजे बस. तिच्यासमोर पढेगावकडचे एक बापलेक उभे होते. मुलगी कॉलेजात जाणारी, तिच्यासाठी घेत होते. पडद्यावर आकडा आला, बापानं मोठ्यानं वाचला.

“ताई, साडेचारशेच हाय ना पक्कं?”

“मूळ तीनशे,” मार्थाताई म्हणाली. “चढवलेलं आहे.”

त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग तो माणूस मांडीवर थाप मारून हसायला लागला. “लई गमतीच्या हायेत ह्या ताई!” मुलगी तोंडाला ओढणी लावून हसली. बाकावरचे हसले. गल्ल्यावरून शेठही हसले. “आमच्या ताई अशाच आहेत. म्हणून तर माणसं दुसरीकडे जात नाहीत.”

“मी खरंच सांगतेय,” ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. “उन्हाळ्यात अडेल. तेव्हा इथं घेऊन या, उतरवून देईन.”

आणखी मोठा हशा झाला. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. उपरण्यानं डोळे पुसत तो म्हणाला, “आनतो, आनतो. बांधा, ताई.”

मी उठून उभा राहिलो होतो. फसवणूक, हा शब्द जिभेवर होता. पण तिनं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं होतं, शेठनं अडवलं नव्हतं. पत्रकात घालायला आरोपच उरला नव्हता. मी परत बसलो.

तिनं खोक्याला सुतळी गुंडाळली, गाठ मारली, दातानं टोक तोडलं. खोकं बापलेकीकडे सरकवून ती पुढच्या माणसाकडे वळली आणि म्हणाली, “बोला.”